अंगणावरचे कापड : सावलीचा आणि वाऱ्याचा हिशेब

मार्च संपत आला की शाळेच्या अंगणाचा उपयोग निम्म्याने कमी होतो. सकाळची प्रार्थना कशीबशी उरकते. पोषण आहाराच्या पंगतीला मात्र मुले भिंतीच्या कडेने, जिथे हातभर सावली असेल तिथे दाटीवाटीने बसतात. मधली शाहाबादी फरशी मोकळीच राहते, कारण तिच्यावर पाय ठेववत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवते, “वर एखादे कापड बांधून टाकू या.” सूचना चांगली आहे आणि खर्चही फार नाही. पण “बांधून टाकू” या दोन शब्दांत बरेच विज्ञान दडलेले आहे. ते समजून न घेता कापड बांधले, तर एकतर सावली नको तिथे पडते किंवा पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात कापड, खांब आणि भिंतीचा तुकडा असे सगळेच खाली येते.

हा विषय किती गंभीर आहे, हे २०२३ सालच्या एप्रिल महिन्यातील लागोपाठच्या दोन दिवसांनी दाखवून दिले. १६ एप्रिल रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हात उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिल रोजी, पुण्याजवळ रावेत-किवळे परिसरात वादळी वाऱ्यात एक जाहिरातफलक कोसळून पाच जण दगावले. पावसापासून आडोसा म्हणून ती माणसे फलकाजवळ थांबली होती. पहिल्या दिवशी डोक्यावर सावली नव्हती. दुसऱ्या दिवशी वाऱ्यापुढे मोठा पृष्ठभाग उभा होता आणि त्याला आधार पुरला नाही. अंगणावर कापड बांधताना या दोन्ही गोष्टींचा विचार एकाच वेळी करावा लागतो. या लेखात आम्ही तोच हिशेब मांडणार आहोत. त्यासाठी उदाहरण म्हणून पुण्यातील एका शाळेचे अंगण आणि त्यावर ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद असे कापड घेऊ.

सावलीत हवा थंड असते का?

आपण सहज म्हणतो, “उन्हात ४५ अंश असेल, सावलीत ३८.” यात एक चूक आहे. वेधशाळा हवेचे जे तापमान जाहीर करते ते नेहमी सावलीतीलच असते. त्यासाठी तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. ती थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने तयार केली. खारघरला त्या दिवशी जवळच्या केंद्रावर सुमारे ३८ अंश तापमान होते, याचा अर्थ पेटीच्या आतल्या हवेचे तापमान ३८ होते. मैदानावर बसलेल्या माणसाला सोसावी लागणारी उष्णता त्याहून कितीतरी अधिक होती.

असे का होते? उघड्या अंगणावरची हवा आणि छोट्या छताखालची हवा सतत एकमेकींत मिसळत असते. त्यामुळे दोन्हींच्या तापमानात फारसा फरक नसतो. फरक असतो तो प्रारणाचा. एप्रिलच्या दुपारी निरभ्र आकाश असताना एक चौरस मीटर आडव्या जमिनीवर सूर्याकडून सुमारे १००० वॅट ऊर्जा येते. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक घरगुती इस्त्री चालू ठेवल्यासारखेच आहे. उन्हात बसलेल्या मुलाचे डोके, खांदे आणि पाठ यातला काही भाग शोषून घेतात. शरीराला ही जादा उष्णता घाम गाळून बाहेर टाकावी लागते. घामातून पाणी आणि क्षार जातात. ते भरून निघाले नाहीत, किंवा हवा दमट असल्याने घाम वाळलाच नाही, की शरीराचे तापमान चढू लागते. उष्माघाताची सुरुवात अशी होते. छत हवेला थंड करत नाही, ते ही ‘इस्त्री’ बंद करते.

कापड स्वतःही तापते

पण गोष्ट इथे संपत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये सावली पूर्ण असते, तरीही दुपारी तिथे बसवत नाही. डोक्यावर तवा धरल्यासारखे वाटते. पत्र्याने सूर्याचे प्रारण अडवले खरे, पण ते शोषून तो स्वतः तापला आणि आता तो खालच्या बाजूला अवरक्त प्रारण सोडतो आहे.

प्रत्येक वस्तू तिच्या केवल तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात प्रारण सोडते. हा स्टीफन-बोल्ट्झमन नियम अकरावी-बारावीच्या मुलांना ठाऊक असतो, पण तो डोक्यावरच्या छताला लावून पाहण्याची संधी क्वचित मिळते. छताचे तापमान ३५ अंश सेल्सियस (३०८ केल्व्हिन) असेल तर ते दर चौरस मीटरला सुमारे ५१० वॅट प्रारण सोडते. तेच ६० अंशांवर (३३३ केल्व्हिन) असेल तर सुमारे ७०० वॅट. १९० वॅटचा हा फरक खाली बसलेल्यांच्या डोक्याला जाणवतो. हे आकडे रंगवलेला किंवा गंजलेला पत्रा, कापड, लाकूड अशा पृष्ठभागांसाठी आहेत. नवा चकचकीत धातू प्रारण कमी सोडतो, पण त्याची चकाकी फार दिवस टिकत नाही.

छत कमी तापावे यासाठी तीन उपाय आहेत. पहिला, वरचा रंग फिका ठेवावा. दुसरा, छतातून हवा खेळती राहावी, म्हणजे वारा त्याची उष्णता घेऊन जाईल. तिसरा उपाय जुन्या राहुट्या बांधणाऱ्यांना चांगला ठाऊक होता : एकाखाली एक असे दोन थर बांधावेत आणि मध्ये वीतभर मोकळी जागा सोडावी. वरचा थर तापतो, मधली हवा वाहती राहते आणि खालचा थर जवळजवळ हवेच्याच तापमानाला राहतो. स्टीव्हन्सन पेटीचे छप्परही दुहेरी असते, ते याच कारणासाठी.

खालच्या जमिनीचाही विचार करायला हवा. कृषी हवामानशास्त्राचा पाया घालणारे डॉ. एल. ए. रामदास यांनी १९३० च्या दशकात पुण्यातच यावर काम केले. काळ्या जमिनीच्या तुकड्यावर पांढरी भुकटी पसरली तर आतली माती किती कमी तापते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह मोजून दाखवले. आपल्या अंगणातील काळपट फरशीही त्या काळ्या जमिनीसारखीच तापते. ती सावलीत आली की खालून येणारी धगही कमी होते. म्हणून मुले बसण्याच्या दोन तास आधीपासून फरशी सावलीत असावी. ऐन वेळी कापड ओढून काम भागत नाही.

कोणते कापड घ्यावे?

मांजरपाट किंवा जाड सुती कापड फिके असते, शिवायला सोपे असते आणि जुन्या चादरी जोडूनही होते. मात्र ते पावसात भिजून जड होते आणि उन्हा-पावसात लवकर कुजते. ताडपत्री टिकाऊ असते आणि पाणी अडवते, पण हवाही अडवते. वापरून झालेले जाहिरातींचे फ्लेक्स फुकट मिळतात म्हणून अनेक ठिकाणी लावतात. त्यांच्यातूनही हवा जात नाही.

आमच्या मते शाळेसाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे शेतकऱ्यांच्या ओळखीची शेडनेट. तळेगाव भागातील फुलशेतीत आणि तासगावच्या बेदाणा शेडवर ती सर्रास दिसते. प्लास्टिकच्या धाग्यांनी विणलेली ही जाळी ३५, ५०, ७५, ९० टक्के अशा प्रतींत मिळते. ७५ टक्के याचा अर्थ ती साधारण तीन चतुर्थांश प्रकाश अडवते. म्हणजे १००० वॅटपैकी सुमारे २५० वॅट खाली पोचतात. मुलांना वाचायला पुरेसा उजेड राहतो आणि गरम हवा जाळीतून वर निघून जाते. जाळीचा आणखी एक मोठा फायदा वाऱ्याच्या वेळी दिसतो. घेताना ती अतिनील किरणांना टिकणारी आहे ना, एवढे विचारावे. साधे प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते.

सावली नेमकी कुठे पडेल?

बहुतेकांचा पहिला धक्का इथे बसतो. कापड जिथे बांधले तिथे सावली नसते!

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, १३-१४ मे आणि २९-३० जुलैच्या सुमारास, मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. मात्र पुण्याची मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि पुणे ७४ अंशांच्या किंचित अलीकडे आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर ही मध्यान्ह सुमारे १२ वाजून ३१ मिनिटांनी होते.

त्या क्षणी ३ मीटर उंचीवरच्या कापडाची सावली बरोबर त्याच्याखाली पडते. त्यानंतर ती पूर्वेकडे सरकू लागते. मेच्या मध्यावर ती किती सरकेल याचे गणित असे येते :

१ वाजून ३१ मिनिटे : सुमारे ०.७६ मीटर
२ वाजून ३१ मिनिटे : सुमारे १.६ मीटर
३ वाजून ३१ मिनिटे : सुमारे २.७५ मीटर
४ वाजून ३१ मिनिटे : सुमारे ४.५ मीटर

सकाळी हेच उलट होते. साडेनऊच्या सुमारास सावली पावणेतीन मीटर पश्चिमेला असते. कापडाची पूर्व-पश्चिम लांबी ५ मीटर असेल, तर त्या वेळी कापडाच्या थेट खालची निम्म्याहून अधिक जागा उन्हात असते. एप्रिलमध्ये हे आकडे थोडे बदलतात, पण चित्र तेच राहते. म्हणून सकाळच्या शाळेसाठी कापड मुलांच्या बसण्याच्या जागेपासून पूर्वेला अडीच ते तीन मीटर सरकवून बांधावे, दुपारच्या शाळेसाठी पश्चिमेला. कापड जितके उंच, तितके सावलीचे सरकणे अधिक. उंची दुप्पट केली तर सरकणेही दुप्पट होते.

गणितावर विश्वास ठेवण्यापेक्षा करून पाहावे. ३ मीटरचा बांबू अंगणात उभा करा आणि दर अर्ध्या तासाने त्याच्या टोकाच्या सावलीवर खडूने खूण करा. एका दिवसात कापडाची जागा ठरते आणि मुलांना सूर्याचा मार्गही समजतो.

वारा : खरा प्रतिस्पर्धी

सूर्य कापडाला फाडत नाही, वारा फाडतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग जमून येतात, एकाएकी धुळीचा लोट उठतो आणि वळीव कोसळतो. या वाऱ्याचा दाब काढण्याचे सूत्र सोपे आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येते.

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. दाब झाला ६० न्यूटन. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. दाब झाला २४० न्यूटन. वेग दुप्पट झाला, दाब चौपट. हा वर्गाचा नियम लक्षात न राहिल्यामुळेच “एवढा वारा तर रोजच असतो” असे म्हणत बांधलेली छते उडून जातात.

आपल्या २० चौरस मीटर कापडावर ७२ किलोमीटरच्या झोतात सुमारे ४८०० न्यूटन, म्हणजे ४९० किलो वजनाइतके बल येऊ शकते. वारा खालून शिरला तर हे बल वरच्या दिशेने असते. म्हणजे छत खाली पडू नये एवढाच विचार पुरेसा नाही, ते वर उडू नये याचाही करावा लागतो. जाळीतून वारा काही प्रमाणात आरपार जातो, म्हणून तिच्यावरचे बल कमी होते. तरीही हिशेब मात्र सलग कापडाचाच धरावा. इमारतींसाठी भारतीय मानकाने पुण्याकरिता वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्या वेगाला दाब ९०० न्यूटनच्या पुढे जातो. अशा वाऱ्यात आपले कापड टिकवायचे नाहीच, ते आधीच उतरवून ठेवायचे आहे.

ताठ दोरीचे गुपित

४८०० न्यूटन चार कोपऱ्यांत वाटले, म्हणजे प्रत्येकी १२०० झाले, असे वाटेल. प्रत्यक्षात कोपऱ्यावरचा ताण याच्या कितीतरी पट असतो. हे कपडे वाळत घालायच्या दोरीवरून समजते.

दोरीच्या मध्यावर ओला टॉवेल टाकला की ती थोडी वाकते. दोरीने आडव्या रेषेशी केलेला कोन ३० अंश असेल तर तिच्यातला ताण टॉवेलच्या वजनाइतका असतो. कोन १० अंश असेल तर ताण वजनाच्या २.९ पट, आणि ५ अंश असेल तर ५.७ पट होतो. दोरी अगदी सरळ ठेवायची म्हटली तर ताण अमर्याद वाढतो. दोन ताणकाटे, एक दोरी आणि एक वजन घेऊन हा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत होतो. ताण = वजन भागिले कोनाच्या साइनची दुप्पट, हे सूत्र मुलांना स्वतःच्या मोजमापांतून पडताळता येते.

आता कापडाकडे येऊ. कोपऱ्यात कापड आडव्याशी १५ अंशांचा कोन करत असेल, तर १२०० न्यूटन पेलण्यासाठी तिथे सुमारे ४६०० न्यूटन ताण लागतो. म्हणजे एका कोपऱ्यावर ४७० किलो! हा ताण ३ मीटर उंच खांबाच्या टोकाला आडवा ओढतो. खांबाच्या बुडाशी त्याचा परिणाम एक मीटर दांड्याच्या टोकाला जवळजवळ १४०० किलो वजन टांगल्यासारखा होतो. नुसता जमिनीत पुरलेला पाइप इथे वाकणारच. म्हणून तंबूच्या खांबाला बाहेरच्या बाजूने तणावा बांधतात. तणाव्याने ओढ जमिनीत उतरते आणि खांबाला फक्त उभा दाब सोसावा लागतो.

तणावा ४५ अंशांत असेल तर त्याची मेख वर उपटण्याचे बल सुमारे ४५० किलोचे येते. ६० सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीचा काँक्रीटचा ठोकळा सुमारे ५२० किलोचा असतो. म्हणजे नुसती बरोबरी झाली, सुरक्षिततेसाठी फारसे काही उरले नाही. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. छताच्या कठड्याला किंवा अर्ध्या विटेच्या भिंतीला कापडाचा कोपरा कधीही बांधू नये. आणि कायमच्या छतासाठी स्थापत्य अभियंत्याकडून हिशेब करून घेतल्याशिवाय खांब रोवू नये.

रुमालाचा प्रयोग

कापडाचा आकारही महत्त्वाचा आहे. एक रुमाल घ्या. चार मुलांनी चार कोपरे एकाच उंचीवर धरून ताणावेत आणि पाचव्याने खालून फुंकर मारावी. रुमाल फुगतो, फडफडतो. आता समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली घ्या. रुमाल घोड्याच्या खोगिरासारखा वळतो आणि फुंकर मारली तरी हलत नाही. एका दिशेचे धागे वरच्या बाजूला ओढतात, दुसऱ्या दिशेचे खालच्या बाजूला. वारा वरून येवो की खालून, त्याला अडवायला एक जोडी तयारच असते. जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांनी १९५५ साली कासेल येथील उद्यान प्रदर्शनात वादकांसाठी असेच चार कोपऱ्यांचे सुती छत उभारले. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची प्रसिद्ध छते याच विचारातून आली.

खोगिराच्या आकाराचा दुसरा फायदा पावसात होतो. सपाट ताडपत्रीच्या मध्ये ४ चौरस मीटरवर सरासरी ५ सेंटिमीटर पाणी साचले, तर २०० किलो भार झाला. भाराने कापड आणखी वाकते आणि आणखी पाणी साचते. खोगिरावर ते खालच्या कोपऱ्यांकडे वाहून जाते.

प्रत्यक्ष बांधणी

कापडाच्या कडा सरळ न ठेवता आतल्या बाजूला कमानीसारख्या कापाव्यात. ५ मीटरच्या कडेला मध्यावर ५० सेंटिमीटर, ४ मीटरच्या कडेला ४० सेंटिमीटर, म्हणजे लांबीच्या दशांशाइतके. सरळ कड फडफडते, कमानीची कड ताणाखाली राहते. यात २० पैकी सुमारे साडेपाच चौरस मीटर कापड जाते. उरलेल्या साडेचौदा चौरस मीटरमध्ये पंचवीस-तीस लहान मुले बसू शकतात. कड दुमडून त्यात दोरी ओवावी आणि कोपऱ्यांना कापडाचे तीन-चार थर देऊन लोखंडी कडी शिवावी. नुसत्या भोकातून दोरी ओवल्यास कापड तिथूनच फाटते.

दोन कोपरे ३.६ मीटरवर आणि दोन २.४ मीटरवर घ्यावेत. सरासरी उंची ३ मीटरच राहते. कापडाच्या कोपऱ्यापासून खांबाच्या कडीपर्यंत ३०-४० सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे सैल पडल्यावर ताणायला जागा उरते. विजेच्या तारांजवळ आणि चुलीवर कापड बांधू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कापड दोन माणसांना एका मिनिटात उतरवता आले पाहिजे. रोज शाळा सुटताना ते उतरवावे. पश्चिमेला काळे ढग दिसले किंवा धूळ उठली, की आधी मुलांना वर्गात न्यावे आणि वाऱ्याने जोर धरण्याआधी कापड उतरवावे. वारा आधीच भरात असेल, तर कापडाचा नाद सोडावा. सेकंदाला १० मीटर वाऱ्यातच कापड उतरले, तर कोपऱ्यावरचा ताण ४७० ऐवजी १२० किलोच्या आसपास राहतो. वर्गाचा नियम इथे आपल्या बाजूने काम करतो.

विद्यार्थ्यांसाठी काही प्रश्न

१. तीन सारखे तापमापक घ्या. एक उन्हात, एक पत्र्याखाली, एक शेडनेटखाली ठेवा. तिन्हींचे गोळे आधी उघडे आणि मग काळ्या कापडात गुंडाळून वाचन घ्या. फरक का पडतो?

२. तुमच्या गावाचा अक्षांश शोधा. तिथे शून्य सावलीचा दिवस कोणता? २२ डिसेंबरला मध्यान्ही ३ मीटर उंचीवरच्या कापडाची सावली किती उत्तरेला सरकेल? (पुण्याचे उत्तर सुमारे २.७ मीटर.)

३. कापडाच्या दोन्ही बाजू दुप्पट केल्या तर कोपऱ्यावरचा ताण किती पट होईल? शाळेने एक मोठे कापड घ्यावे की चार लहान?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी मुख्याध्यापकांसमोर आकड्यांसह मांडावे. ज्या छताखाली आपण बसणार त्याचा हिशेब स्वतः केलेला असेल, तर वारा सुटल्यावर ते उतरवायला कोणी आठवण करून द्यावी लागणार नाही.